मास्तरचा अधिक वैशाख

आभाळाकडे नुसती एक नजर टाकून आजची तिथी सांगणारा माणूस साऱ्या भोकरदन तालुक्यात एकच होता, आणि तो म्हणजे मी! पंचांग नको, घड्याळ नको. दिवेलागणीला अर्धा चंद्र डोक्यावर दिसला की मी म्हणायचो, "अष्टमी!" आणि ती अष्टमीच निघायची. कधी सप्तमी निघाली तर तो चंद्राचा दोष!

केदारखेड्याच्या शाळेत मी मास्तर होतो. मच्छिंद्र मास्तर. निजामाचं राज्य होतं. हजेरीपटावर फसली महिने, आजूर, दै, बहमन. ईद-मोहरमच्या सुट्ट्या हिजरी महिन्यांवर. गावाचे सण शके पंचांगावर. शिवाय पोस्टाच्या शिक्क्यावर इंग्रजी तारीख. मी रोज सकाळी फळ्यावर चारही तारखा एकाखाली एक लिहायचो. त्यात अर्धा फळा जायचा आणि शिकवायला जागा उरायची नाही, पण गावावर छाप पडायची. लोक येता-जाता खिडकीतून डोकावून म्हणायचे, "मास्तरला चंद्रसूर्याचं सगळं ठाव हाय!"

हे आधीच सांगून ठेवतो, कारण त्या वर्षी माझ्या हातून जे झालं ते अडाणीपणातून झालं असं कुणी समजू नये. ते हुशारीतून झालं. म्हणूनच आज इतक्या वर्षांनी सांगतानाही कान गरम होतात.

फसली सन तेराशे एक्कावन्न. लढाईचे दिवस. रॉकेल मिळेना, साखर मिळेना, कागद मिळेना. दर पाडव्याला भोकरदनचे जोशीबुवा आमच्या गावी येऊन वर्षफळ वाचायचे, ते यंदा आलेच नाहीत. कागदाच्या टंचाईत त्यांचं पंचांगच कुठंतरी अडकलं होतं. गाव काळजीत पडलं. मी नाही! मी म्हणालो, "पंचांग न्हाई तर न्हाई. मी हाय ना!"

आणि मी अधिक महिना काढायला बसलो.

वाचकहो, हे गणित सोपं आहे. चंद्राचे बारा महिने मिळून होतात तीनशे चौपन्न दिवस. सूर्याचं वर्ष तीनशे पासष्ट दिवसांचं. म्हणजे दरसाल अकरा दिवसांची तूट. ती साचत साचत महिन्याएवढी झाली की पंचांगात एक जास्तीचा महिना घालतात. तोच अधिक. तो घातला नाही तर दिवाळी सरकत सरकत भर उन्हाळ्यात यायची! या अधिकात लग्न करत नाहीत, सणवार करत नाहीत. करतात ते एकच. लेक-जावयाला जेवायला बोलावतात. आमच्याकडे त्याला धोंड्याचा महिनाच म्हणतात. सासू जावयाला पाटावर बसवते, ओवाळते आणि तांब्याच्या ताटात तेहेतीस अनारसे रचून, वर दिवा ठेवून ते ताट त्याच्या हाती देते. त्यातही लग्नानंतरचा पहिला धोंडा म्हणजे विचारूच नका. सासुरवाडीत जावयाला किती मान, हे त्या एका ताटावर ठरतं!

माझं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. माझा पहिला धोंडा यायचा होता.

मागचा अधिक श्रावणात गेलेला मला पक्का आठवत होता. तिथून पुढे किती महिने मोजायचे? तेहेतीस! कशावरून? अनारसे तेहेतीस देतात त्यावरून! शास्त्र उगीच एखादा आकडा धरत नाही, असा माझा विचार. मी घरातल्या भिंतीवर खडूनं तेहेतीस रेघा ओढल्या. शेवटची रेघ पडली चैत्राच्या अमावास्येवर. म्हणजे लागून येणारा वैशाख अधिक! मी खडू खाली ठेवला आणि स्वतःचीच पाठ थोपटली.

गावातले रामराव म्हणून एक म्हातारे शेतकरी होते. ते शाळेवरून जाता जाता म्हणाले, "मास्तर, यंदा दोन जेठ हायेत म्हनं. मिरग पहिल्याच जेठात येतोय."

"दोन जेठ न्हाई बाबा, दोन वैशाख!"

"आमी तर जालन्याच्या बाजारात जेठच ऐकून आल्तो."

"बाजारात काय ऐकता? घरी या, भिंतीवर दाखवतो!"

रामरावांनी भिंतीवरच्या रेघा पाहिल्या, डोकं खाजवलं आणि म्हणाले, "आसंल बाबा. तू शिकलेला." झालं! माझ्या हिशेबाला गावाची मान्यता मिळाली.

माझी बायको द्वारका तेव्हा भोकरदनला माहेरी गेली होती. कशासाठी? तर अखितीसाठी! अखिती म्हणजे अक्षय्य तृतीया, वैशाखातली तीज. मी तिला जाताना म्हणालो होतो, "अगं, अधिकात कसली अखिती? अखिती पुढच्या महिन्यात!" ती बोचकं घेऊन निघून गेली. मला वाटलं, तिला पटलं.

तीज झाली, चौथ झाली, पंचमी झाली. सासऱ्यांचा निरोप काही येईना! अधिक लागून पाच दिवस झाले आणि जावयाला साधं बोलावणं नाही? हा माझा पहिला धोंडा! मला रात्री जेवण जाईना. षष्ठीला सकाळी उठलो, धुतलेलं धोतर नेसलो, फेटा बांधला आणि शेजारच्या पुंजारामला हाक मारली. पुंजारामची सासुरवाडीही भोकरदनलाच, माझ्या सासऱ्यांच्याच गल्लीत. त्याला सगळं समजावून सांगितलं.

"म्हंजे माझाबी धोंडा हाय?" पुंजारामचे डोळे चमकले.

"हाय तर!"

"पण आपुन बिनबोलावता कसं जावं?"

"मी शाळेच्या कामानं चाललोय. तू माझ्यासंगं चाललायस. बस!"

चार कोसांच्या वाटेत आम्हाला लग्नाची दोन वऱ्हाडं भेटली. बैलगाड्या, ताशे, मुंडावळ्या बांधलेला नवरदेव. मला त्या लोकांची दया आली. अधिकात लग्न करून राह्यले बिचारे! एका गाडीशी जाऊन मी नवरदेवाच्या मामाला बाजूला घेतलं आणि म्हणालो, "पाव्हणं, हा महिना लग्नाचा न्हाई. अजून येळ गेली न्हाई, गाड्या फिरवा." त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, म्हणाला, "सरका मास्तर, जल्दी हाय," आणि बैलाची शेपटी पिरगाळली. लोक ऐकत नाहीत, दुसरं काय!

दुपार टळता टळता भोकरदनला पोचलो. पुंजाराम त्याच्या सासऱ्याच्या दारी वळला, मी माझ्या. मामा, म्हणजे माझे सासरे रायभान, ओसरीवर दोर वळत बसले होते.

"या मास्तर, या! आसं एकाएकी?"

"शाळेच्या कामानं आल्तो तालुक्याला."

"सुट्ट्या हायेत ना शाळेला?" हा प्रश्न दाराआडून आला. तो मामींचा, म्हणजे माझ्या सासूबाई झुंबरबाईंचा.

"सुट्टीचंच काम व्हतं," मी म्हणालो.

चहा झाला, पानसुपारी झाली. धोंड्याचं नाव कुणी काढेना. शेवटी मीच सुरुवात केली.

"मामा, महिना कोणता चालू हाय म्हणता?"

"वैशाख."

"ते बराबर. पण कोणता वैशाख?"

मामांनी माझ्या मेव्हण्याकडं, भुजंगकडं पाहिलं. भुजंगनं छपराकडं पाहिलं. "दाजी, वैशाख तो वैशाख. किती असतेत?"

"यंदा दोन!" मी म्हणालो. "समजावून सांगतो. कंदील आण!"

रॉकेल औषधालासुद्धा मिळत नव्हतं, तरी मी सांगितलं म्हणून दिवेलागणीला मामांनी कंदील लावला. कंदील म्हणजे सूर्य. मामांना मधोमध बसवलं, ती पृथ्वी. भुजंगच्या हातात एक कांदा दिला, तो चंद्र. "आता मामांच्या भवती फिर! कांद्याची उजळलेली बाजू मामांना दिसली की पौर्णिमा, काळी बाजू दिसली की अमावास्या!" भुजंग फिरून राह्यला, मी सांगून राह्यलो. मामांना एकदाही पौर्णिमा दिसली नाही, कारण त्यांचे डोळे माझ्याकडं होते.

"दाजी, आजून किती?" सहाव्या फेरीला भुजंगनं विचारलं.

"तेहेतीस!"

अकराव्या फेरीला चंद्राला चक्कर आली. तो कोपऱ्यातल्या नव्या घागरीवर जाऊन आदळला. घागर फुटली, तिच्या तोंडावरचं खरबूज गडगडत अंगणात गेलं आणि ओसरीभर पाणी झालं! पृथ्वी धोतर सावरत उठली.

"जाऊ द्या, जाऊ द्या," मामा म्हणाले. "अखितीची घागर व्हती. पितर पिऊन गेले, तीन दिस झाले."

"पण मामा, अखिती तर पुढच्या महिन्यात—"

"व्हय, व्हय. तुम्ही आराम करा."

इथं एखाद्या माणसाच्या डोक्यात प्रकाश पडला असता. माझ्या डोक्यात आधीच इतका प्रकाश होता की आणखी पडायला जागाच नव्हती.

आत काय बोलणं झालं ते द्वारकानं मला पुढं सांगितलं. ती आईला म्हणाली, "मी जाऊन सांगते त्यांला. दोन जेठ हायेत म्हनून साऱ्या बाजाराला ठाव हाय."

"गप बस!" मामी म्हणाल्या. "पहिला धोंडा हाय. तोंडावर चुकलात म्हनलं अन् पाव्हणे रुसून गेले तर? उद्या नांदायचं तुलाच हाय तिथं."

"पण आई," भुजंग म्हणाला, "तांदूळ अन् गूळ तर म्हयन्यानं लागतोय म्हून ठिवलाय. फिरून कुठून आणावा?"

"मंग आताच लागला आसं समज."

मला बाहेर यातलं एक अक्षर ऐकू आलं नाही. फक्त तांदूळ घमेल्यात ओतल्याचा आवाज आला आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं! थोड्या वेळानं मामी दारात आल्या, पदर पुढं ओढून म्हणाल्या, "जावईबापू, धोंडा घेऊनच जा. पण अनारशाला तांदूळ तीन दिस भिजावं लागतेत. दशमीपावतर थांबावं लागंल."

"थांबेन की!" मी म्हणालो. घाई कुणाला होती?

आता पुंजारामकडं वळू. त्यानं सासुरवाडीत पाऊल टाकल्या टाकल्या जाहीर केलं, "अधिक लागला! मास्तरनं काढलाय!" त्याच्या सासूबाई साखराबाई यांनी कपाळावर हात मारला, पण त्याही सासूच. त्यांनीही तांदूळ भिजत घातले. दुसऱ्या दिवशी साखराबाईंच्या शेजारणीचा जावई आला. त्याला पाहून समोरच्या घरचा जावई आला. तिसऱ्या दिवशी सात झाले. नवमीला माझ्याखेरीज अकरा जावई गल्लीत ठाण मांडून बसले होते! त्यात धर्मराज नावाचे एक पन्नाशीचे गृहस्थ होते, त्यांना स्वतःला दोन जावई होते. ते म्हणाले, "माझा पहिला धोंडा अठरा सालांपास्नं राह्यलाय! आता घेतल्याबिगर उठत न्हाई!"

रोज संध्याकाळी हे सगळे मामांच्या ओसरीवर जमायचे आणि मी त्यांना चंद्र शिकवायचो. एक जण विचारी, "मास्तर, चंद्र रोज उशिरा का उगवतो?" मी सांगी. दुसरा विचारी, "मास्तर, अनारसे तळून द्यायचे का कच्चे?" तेही मीच सांगी. मला वाटलं, विद्येला मान आहे तो इथंच!

गल्लीतल्या बाया मला पाहून पदर पुढं ओढायच्या. मी समजलो, मान देऊन राह्यल्यात. गुळाचा मात्र भलताच तुटवडा झाला. भुजंग आणि आणखी दोघे आसपासची तीन गावं पालथी घालून एक ढेप घेऊन आले आणि ती चार घरांनी वाटून घेतली. नवमीला साखराबाई रिकामी वाटी घेऊन मामींकडं आल्या आणि ओसरीवरूनच मोठ्यानं म्हणाल्या, "झुंबर, गणित तुझ्या जावयाला येतं अन् गूळ माझा सरतो!"

मी बसल्या जागेवरून नम्रपणे मान लववली. मला ते कौतुक वाटलं होतं.

दशमी उजाडली. गल्लीत बारा दारांपुढं बारा रांगोळ्या! तळणाचा वास मशिदीपर्यंत गेला असेल. मी पाटावर बसलो. नवं धोतर, कपाळाला कुंकू. मामींनी ओवाळलं. तेहेतीस अनारशांचं ताट समोर आलं, वर दिवा. दाराच्या फटीतून द्वारका पाहत होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी मनात म्हणालो, माहेरी नवऱ्याचा मान पाहून भरून आलं बिचारीला!

मी पहिला अनारसा तोंडात टाकला आणि त्याच वेळी गल्लीत बैलांची एक दमणी येऊन थांबली. दमणीतून जोशीबुवा उतरले. पंचांग आणायलाच ते जालन्याला गेले होते, तिथल्या मस्तगडात त्यांची लेक होती, तिच्याकडं आठवडाभर राहून आता परत येत होते. काखेत कोरं पंचांग! त्यांनी बारा रांगोळ्या पाहिल्या, मला पाटावर पाहिलं.

"काय रायभान, आज काय आहे?"

"बुवा, या, या!" मामांच्या आधी मीच ओरडलो. "अधिकाचं पुण्य! तुम्हीच राह्यले व्हते!"

जोशीबुवांनी तोंड उघडलं. मामांनी माझ्या पाठीमागून त्यांना दोन्ही हात जोडले. हेही मला पुढं कळलं. जोशीबुवांनी तोंड मिटलं, मग हळूच म्हणाले, "हं. मास्तर म्हणतात म्हणजे… हं. चालू द्या जेवणं."

एवढ्यावर भागलं असतं! सगळं झाकलं गेलं असतं! मी ताट घेऊन मानानं घरी गेलो असतो आणि मरेपर्यंत मला काही कळलं नसतं. पण नाही. गल्लीतले सगळे जावई आपापल्या पाटांवरून उठून जोशीबुवांभोवती जमले होते, आणि एवढे विद्यार्थी समोर असताना मी गप्प कसा बसेन?

"नुसतं हं नको, बुवा! पंचांग काढा! वाचा मोठ्यानं! न्हाईतर लोकांना वाटायचं, जावयानं मनानंच महिना काढला!"

"जेवणं होऊ द्या मास्तर, मग पाहू."

"आत्ताच!"

"माझा चष्मा दमणीत राहिलाय."

"मग मी वाचतो!" म्हणत मी त्यांच्या काखेतून पंचांग अक्षरशः ओढून घेतलं. मामा म्हणाले, "मास्तर, राहू द्या." भुजंग म्हणाला, "दाजी, अनारसा गार होतोय." मी कुणाचं ऐकतो!

"शके अठराशे चौसष्ट! चित्रभानू नाम संवत्सर!" माझा आवाज खणखणीत होता. "वैशाख शुद्ध दशमी! पाहा, दशमी बराबर!"

पण वैशाखाच्या आधी 'अधिक' हा शब्द दिसेना. मी पंचांग जवळ धरलं. लांब धरलं. एक पान उलटलं. तिथं होता तो, ठळक अक्षरांत. मास्तरकीची सवय वाईट; डोळ्यांपुढं अक्षर आलं की तोंडातून आवाज निघतोच. मी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं वाचलं, "अधिक ज्येष्ठ!"

गालात दाबून ठेवलेला अनारसा आता गिळवेना आणि थुंकवेना.

"म्हंजे आज काय हाय?" धर्मराजांनी विचारलं.

"आज काही नाही," जोशीबुवा म्हणाले. "आज साधी दशमी."

"पण तेहेतीस…" मी कसाबसा म्हणालो.

"मास्तर, चंद्र आकडा पाठ करून चालत नाही," जोशीबुवा अगदी हळू आवाजात, जणू मला एकट्यालाच ऐकू जावं अशा बेतानं म्हणाले. "ज्या महिन्यात सूर्य रास बदलत नाही तो अधिक. कधी अठ्ठावीस महिन्यांनी येतो, कधी पस्तीस. या खेपेला मधे चौतीस गेले. तेहेतीस ही लोकांनी बोलायला धरलेली सरासरी."

एका महिन्यानं! फक्त एका महिन्यानं चुकलो होतो मी. पण त्या महिन्याची किंमत साऱ्या गल्लीच्या डब्यांतून गेली होती.

धर्मराजांनी बोटांवर काहीतरी मोजलं. मग त्यांचा चेहरा एकदम उजळला. "म्हंजे आमी फिरून पुढच्या म्हयन्यात यायचं!"

अकराच्या अकरा जावई खूष झाले. आणि अकराच्या अकरा सासवांनी दारांतून माझ्याकडं पाहिलं. आयुष्यात इन्स्पेक्टर पाहिले, लाच मागणारे अंमलदार पाहिले, पण त्या बावीस डोळ्यांसारखं काही पाहिलं नाही. जमीन दुभंगावी आणि आत जावं असं वाटणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं.

मी उठायला लागलो तर मामी म्हणाल्या, "बसा. ताटातलं टाकू नका." बस. एवढंच. ना राग, ना टोमणा. बत्तीस अनारसे उरले होते. मी खाली मान घालून खात राहिलो आणि प्रत्येक घासाला वाटत होतं, हा त्यांच्या घरातला शेवटचा गूळ! मामा माझ्याजवळ येऊन बसले. म्हणाले, "चुकतं, मास्तर. चंद्र लई लांब हाय." ते ऐकून मला खरोखरच रडू आलं. त्यांनी मला चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

परतीच्या वाटेत द्वारका गाडीत माझ्याकडं पाठ करून बसली होती. दोन कोस झाले तेव्हा मी म्हणालो, "तुला ठाव व्हतं ना? मंग सांगितलं का न्हाई?"

"आवो, सगळ्यायला ठाव व्हतं," ती म्हणाली. "तुमाला कुनी काही सांगावं, आशी सोयच तुम्ही ठिवली न्हाई."

उरलेले दोन कोस मी बैलांच्या शेपट्या पाहत गेलो. घरी गेल्यावर पहिलं काम केलं ते भिंत सारवण्याचं.

मी ठरवून टाकलं, खऱ्या धोंड्याला जायचं नाही. कोणत्या तोंडानं जाणार? पण अधिक जेठ लागला आणि चौथ्याच दिवशी भुजंग गाडी घेऊन दारात हजर!

"दाजी, चला. धोंडा हाय."

"माझा झालाय, भुजंगराव."

"आई म्हणती, तो पाव्हणचार व्हता. धोंडा आजून व्हायचाय."

"मला बरं न्हाई."

"आई म्हणली, बरं न्हाई म्हनतील. तरी आण."

गेलो. द्वारकाही गाडीत होती. वाटेत या खेपेला एकही वऱ्हाड भेटलं नाही. गल्लीत शिरताना फेटा भुवयांपर्यंत खाली ओढून घेतला, तरी पोराठोरांसकट सगळ्यांनी ओळखलं. अकरा जावई आधीच येऊन बसले होते, जोशीबुवाही होते. पण रांगोळी एकच होती, मामांच्या अंगणात. कारण? बारा घरांत मिळून गूळ उरला होता एका ताटापुरता! सगळ्या सासवांनी आपापले डबे खरवडून जे निघालं त्यात तेहेतीस अनारसे झाले होते. बारा जावयांत एक ताट.

"आता वाटनी कशी करावी?" साखराबाई म्हणाल्या आणि सरळ माझ्याकडं वळल्या. "मास्तर, तुम्हीच करा. हिशेबाचे तुम्ही."

गल्लीभर खसखस पिकली. माझी मान छातीला टेकली. पण उत्तर तर द्यायला हवं होतं. मी मनातल्या मनात भागाकार केला. तीनदा केला. बोटांवर केला. मग अगदी बारीक आवाजात म्हणालो, "प्रत्येकी पावणेतीन."

कुणी पाटाकडं हललं नाही.

"पावणेतीनच," मी परत म्हणालो. "बिलकुल."

पुंजारामनं धर्मराजांकडं पाहिलं, धर्मराजांनी जोशीबुवांकडं पाहिलं. माझा जिवलग पुंजाराम! तोही बसेना. शेवटी मामी म्हणाल्या, "द्वारके, तू पाह्य गं जरा."

द्वारका शाळेत एक दिवस गेलेली नाही. ती पदर खोचून पुढं आली, बारा पानं मांडली, प्रत्येक पानावर दोन-दोन अनारसे ठेवले. नऊ उरले. एकेकाचे चार-चार तुकडे केले आणि प्रत्येक पानावर तीन-तीन तुकडे ठेवत गेली. शेवटच्या पानावर शेवटचा तुकडा बराबर बसला. हात झटकून ती म्हणाली, "हाय. या बारीला बराबर हाय."

तेव्हा कुठं अकरा जावई जेवायला बसले. मीही त्यांच्या शेवटी बसलो, आणि वाचकहो, आता काय लपवायचं? तिनं 'बराबर' म्हणेपर्यंत माझीसुद्धा खात्री नव्हती!